एकत्र न सुटणारा उपास

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, २२ फेब्रुवारी

चि. बाहुबली,

जय जिनेंद्र. तू फोनवर मला बंद करून ठेवलं आहेस हे कळायला मला दोन दिवस लागले. आधी मी रेंजलाच नावं ठेवत होते. असू दे. कागद काही बंद करता येत नाही. ह्यांच्या दुकानाचा टेम्पो जयसिंगपूरला येतो, ड्रायव्हरला बजावलंय, माझ्या भावाच्या हातातच दे, टेबलावर ठेवून येऊ नको. पाठकोरे कागद वापरलेत. मागं भांड्यांचे भाव दिसतील, तिकडं बघू नकोस, इकडं बघ.

तुला माहीत असलेलीच गोष्ट आधी लिहिते, कारण तुझ्या मुकादमानं, त्या आकारामनं, तुला ती कशी सांगितली कोण जाणे. आमच्या पेठेतली झाडलोट तुझ्या कंत्राटातल्या बायका करतात. दवाखान्यांच्या मागच्या कचऱ्यात सुया येतात. बनाबाईच्या तळहातात एक आरपार गेली. तिनं हातमोजे मागितले. आकाराम म्हणाला, "उद्यापासनं येऊ नको." बाकीच्या दहाजणी झाडू टेकवून उभ्या राहिल्या, "हिला न्हाय तर आमाला बी न्हाय." तो म्हणाला, "बरं." अकराही जणींचं काम गेलं, आणि सगळ्यांच्या घरी तेवढाच एक पगार.

बनाबाई माझ्या दारात आली. पायरीवर बसली आणि पदराखालून हात काढून दाखवला. इतका सुजला होता की बांगडी कापून काढली होती. मी तिला एस्तेरबाईंकडं नेलं. एस्तेरबाई चर्चच्या, जन्मभर नर्स होत्या, आता रिटायर. त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली आणि मला म्हणाल्या, "त्रिशलाताई, हात वाचेल. पुढचं काय?"

पुढच्याचं ठरवायला आज दुपारी आम्ही माझ्या घरी जमलो. महापुरात आपल्या मंदिराच्या, बस्तीच्या, हॉलमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून चपात्या लाटल्या होत्या ना, त्या बायकांचा ग्रुप अजून मोबाईलवर आहे. नाव 'चपाती'. एरवी त्यात सकाळची फुलं येतात, तेवढंच. मी लिहिलं, चारला या. आल्या.

मी पोहे केले, चहा ठेवला. शमशादभाभी, मशिदीजवळच्या मुजावरांच्या, म्हणाल्या, "रोजा हाय, अक्का." एस्तेरबाई म्हणाल्या, "आमचा उपवासकाळ. मी ईस्टरपर्यंत चहाही सोडलाय, खाणंही रात्रीच." भजनी मंडळाच्या चिमणाबाई साळोखे, त्यांचा आवाज तुला माहीत आहे, गल्लीच्या टोकाला ऐकू जातो, त्या म्हणाल्या, "माजा जोतिबाचा रविवार." मी तर रविवारी मीठ घेत नाही. मधे पोह्यांची परात आणि भोवती आम्ही चौघी, कुणाचा हात पुढं होईना. बनाबाई सगळ्यांकडं बघत बसली. मग म्हणाली, "मग मीच खातो की," आणि डाव्या हातानं खायला लागली.

चिमणाबाई मोठ्यानं हसल्या. "आगं, समद्याच उपाशी! घरात बसून उपाशी ऱ्हायचं ते वॉर्ड ऑफिसच्या दारात बसून ऱ्हाऊ या की. देवाला तिथनं बी दिसतंय."

बाहुबली, पाचच मिनिटांत ठरलं. साखळी उपोषण. ज्या दिवशी ज्यांचा उपास, त्यांनी त्या दिवशी बसायचं. कुणाला वेगळं उपाशी राहायला नको, कुणाच्या घरच्यांना विचारायला नको. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. मंगळवारी आपलं अष्टान्हिक पर्व लागतंय, म्हणजे आठ दिवस बस्तीच्या बायका आहेत. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, सत्तावीसला एकादशी, रविवार जोतिबाचा, ते सगळं भजनी मंडळाकडं. रोजेवाल्या रोजच. चर्चच्या बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय एस्तेरबाई रोज. एकही दिवस रिकामा निघाला नाही. कॅलेंडर भरताना मला, खरं सांगते, दहावीचा निकाल लागला तेव्हासारखं वाटत होतं.

तुझं नाव मी कुठंही घेतलेलं नाही. कंत्राटदार जयसिंगपूरचा आहे, एवढंच ऐकल्यासारखा चेहरा करून बसले. मंगळवारच्या आत त्या अकराजणींना परत घे, म्हणजे ते कळायचं कारणच पडणार नाही.

तुझी अक्का


मंगळवार, २४ फेब्रुवारी

चि. बाहुबली,

तू घेतलं नाहीस. आम्ही बसलो.

सकाळी बस्तीत पूजा झाली, तिथूनच पांढऱ्या पातळात आम्ही बायका निघालो. आपले ट्रस्टी आडवे आले. "त्रिशलाबाई, पर्वात रस्त्यावर बसायचं?" मी म्हटलं, "पूजा झाली, स्वाध्याय झाला. आता संध्याकाळपर्यंत मला घरी जाऊन मिरच्याच निवडायच्या आहेत." ते बाजूला झाले. त्यांच्या घरातल्याही दोघी माझ्या मागं होत्या, ते त्यांनी नंतर पाहिलं.

सतरंजी भजनी मंडळाची, वरचं कापड मशिदीतलं, पाण्याचा माठ चर्चमधला. फलक एस्तेरबाईंच्या अक्षरात: 'अकराजणींना कामावर घ्या. हातात मोजे द्या.' एवढंच. मी म्हटलं होतं अजून काही मागण्या घालू, फलकाचा खर्च तेवढाच आहे. त्या म्हणाल्या, "नाही. दोनच. वाचणाऱ्याच्या तोंडात बसल्या पाहिजेत."

अकरा वाजल्यानंतर ऑफिसातला क्लार्क वही घेऊन बाहेर आला. नावं लिहिली. मग विचारलं, "उपोषण कशासाठी?" ज्या त्या बाईनं खरं सांगितलं. मी अष्टान्हिक म्हटलं, शमशादभाभींनी रमजान, चिमणाबाईंनी अंबाबाई. त्यानं पेन बंद केलं.

"म्हणजे हे उपोषण नाही. हे तुमचे धार्मिक उपास आहेत. याची नोंद करता येणार नाही."

"का? पोट तेच हाय न्हवं?" चिमणाबाई.

"तसं नसतं मावशी. उपोषणाला मागणी लागते. उपास देवासाठी असतो."

शमशादभाभी एरवी हळू बोलतात. त्या म्हणाल्या, "साहेब, मागणी हाय की. दिवसातनं पाच वेळा मागतोय. आज ह्या अकराजणींसाठी मागितली. तुमच्या वहीत न्हाय बसली तर वही बारकी हाय."

आजूबाजूचे सगळे हसले, रिक्षावालेसुद्धा. त्यानं पेन परत उघडलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही, पण लिहिलं.

दुपारी चिमणाबाईंचं मंडळ टाळ घेऊन आलं. मधेच अजान झाली. चिमणाबाईंनी हात वर केला, टाळ थांबले. अजान संपली तशी त्या शमशादभाभींना म्हणाल्या, "झालं? हं, आता आमचा नंबर," आणि मागच्या ओळीपासून परत सुरू. मी णमोकार म्हणत होते तो कधी टाळावर गेला मला कळलंच नाही. तू म्हणशील, अक्का, व्रत आहे की जत्रा? मला खोटं बोलायचं नाही, व्रत चालू आहे. मला मजा येत होती हेही खोटं नाही. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा मी दुपारी घराबाहेर बसले आणि कुणी विचारलं नाही, भाजी काय आणली.

ह्यांनी संध्याकाळी दुकान बंद करून येताना माझ्यासाठी गुडघ्याखाली घ्यायची उशी आणली. तुझ्याशी त्यांचा धंद्याचा संबंध आहे, त्यांची अडचण मला कळते. पण उशी आणली.

त्या अकराजणी अजून कामाबाहेरच आहेत, बाहुबली. बनाबाईचा हात अजून वळत नाही. मी काटकसरी बाई आहे, हे तू माझ्याच घरी अर्धा अर्धा चहा पिऊन जाणतोस. पण काटकसर साबणाच्या चिपटीत करावी, दुसऱ्याच्या तळहातात नाही.

तुझी अक्का


गुरुवार, २६ फेब्रुवारी

बाहुबली,

आज तुझा आकाराम मोटारसायकलवरून आला. सतरंजीच्या कडेला उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अक्का, अण्णांनी निरोप दिलाय. आज उठला न्हाईसा तर म्हायेराला यायचं न्हाय."

निरोप पाठवायला तुला दुसरं कुणी मिळालं नाही?

चिमणाबाई म्हणाल्या, "कुठलं म्हायेर गं?" आकारामच बोलला, "जयसिंगपूरचं. अण्णा म्हंजे अक्काचं सख्खं भाऊ की." त्याला वाटलं असेल, सगळ्यांना माहीत आहे.

टाळ थांबले.

"म्हंजे," चिमणाबाई म्हणाल्या, "कंत्राटदार भाऊ तुझा, आन् उपाशी आमी?"

एस्तेरबाई म्हणाल्या, "त्रिशलाताई, हे पहिल्याच दिवशी सांगायचं."

मला वाटलं सतरंजीसकट खाली जावं. मी म्हटलं, तो ऐकेल असं वाटलं होतं, लिहितेय त्याला, नाव न येता मिटलं असतं. म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं की हे किती लंगडं आहे.

तेव्हा मागून बनाबाई बोलली. "मला ठावं हुतं."

"कसं गं?"

"भाऊबीजेला अक्काच्या दारात पांढरी गाडी लागती. त्या गाडीच्या चाकाखालचा कचरा दरसाल मीच काढतो. म्हणून तर अक्काच्या पायरीवर येऊन बसलो. पेठेत दुसऱ्या पायऱ्या काय कमी हाईत?"

बाहुबली, मी आठवडाभर समजत होते की ती माझा चांगुलपणा बघून आली! चिमणाबाईंना माझं तोंड बघून असं हसू फुटलं की त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं. "घ्या! बनाबाई हिला हातात धरून बसलीया, आन् हिला वाटतंय हिनंच बनाबाईला उचललं!" मग सगळ्याच हसल्या. मीसुद्धा. आकाराम तेवढा हसला नाही, तो गाडी चालू करून गेला.

शमशादभाभी म्हणाल्या, "आता ह्यांना रोज फुडं बसवायचं. कंत्राटदाराची भन मधी, आमी बाजूला."

चारला पेपरवाली आली, कॉलेजातून नुकतीच निघालेली मुलगी. तिनं ओळीनं नावं विचारली. माझ्यापाशी आली तेव्हा सगळ्याजणी दुसरीकडंच बघायला लागल्या. कुणी मला खूण केली नाही, कुणी कोपर मारलं नाही. मी सांगितलं, "त्रिशला वृषभ मगदूम, माहेरची चौगुले. कंत्राटदार माझा धाकटा भाऊ." तिनं मान वर करून विचारलं, "छापू?" मी म्हटलं, छाप.

उद्या येईल. दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून टेम्पो निघायच्या आत हे लिहिते आहे.

माहेर बंद करायचं तर कर. आई-अप्पा गेल्यापासून मी तिथं आंबे न्यायला येत नाही, तुला बघायला येते. तेवढं मात्र मला अवघड जाईल.

अक्का


रविवार, १ मार्च

बाहुबली,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला. तुला माहीत नसेल, फोन स्पीकरवर होता आणि मी हातभर अंतरावर बसले होते. आता त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं ऐक.

पेपर आल्यापासून सतरंजी पुरेना. एकादशीला मंडळाच्या एवढ्या बायका आल्या की रिक्षा स्टँड पुढं सरकवावा लागला. काल सूर्य कलला तसे वॉर्ड अधिकारी स्वतः बाहेर आले. मागं शिपाई, हातात मोसंबीच्या रसाचे ग्लास, आणि त्याच्या मागं फोटोवाला.

"अभिनंदन ताई. कंत्राटदार दहा जणींना परत घ्यायला तयार आहेत. घ्या रस, सोडा उपोषण."

"अकरावी?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"तिचं नंतर बघू."

बनाबाई उठून पुढं आली. वाटलं, भांडणार. ती म्हणाली, "घ्या अक्का रस. ह्या दहा जणींची पोरं शाळंत हाईत. माजं मी बघतो."

त्या दहा जणी मागच्या ओळीत होत्या. बाहुबली, त्यांच्यातली एकही बोलली नाही. "आमी बी जात न्हाय" असंही नाही. म्हणणार कशा? महिना संपला होता. मी शमशादभाभींकडं बघितलं, त्या एस्तेरबाईंकडं. ग्लास तर समोर आलेला. मी नुसतं खरं ते सांगितलं, की शमशादभाभींना सूर्य बुडाल्याशिवाय चालत नाही.

"हरकत नाही," अधिकारी म्हणाले. "थांबू तेवढं. सूर्यास्तानंतर सगळ्यांना एकदम देतो."

"मग मला चालत नाही," मी म्हटलं. "माझं एकभुक्त, दिवसातलं एकच जेवण, अजून व्हायचंय. सूर्यास्तानंतर मी पाणीही घेत नाही."

"मग तुम्ही आधी घ्या."

"भाभींना सोडून?"

ते एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिले. "अहो, मग तुमचा उपास एकत्र सुटणार तरी कधी?"

"कदीच न्हाय!" चिमणाबाई गरजल्या. "रसानं सुटणारा उपास न्हाय ह्यो. कागदावर लिहा, अकरा नावं लिहा, मग ज्याच्या त्याच्या येळंला ज्यो त्यो सोडंल."

फोटोवाला आधी हसला. मग अधिकारीही हसले, आणि हसल्यावर माणूस जरा खाली बसतो तसे ते पायरीवर बसले. त्यांनी तुला फोन लावला.

तू म्हणालास, "साहेब, दहा घेतोय न्हवं? ती बनाबाई नको. ती पुढारी आहे, आली की परत हेच."

मी बोलू शकले असते. जिभेवर आलंही होतं. पण मी बोलले असते तर तू बहिणीशी भांडला असतास आणि ते तुला सोपं गेलं असतं. बनाबाईनं फोन डाव्या हातात घेतला. "अण्णा, बनाबाई बोलतोय. हात बरा हाय आता. सोमवारी येतो. हातमोजं तेवढं आणा." आणि तू फोन ठेवलास.

त्यानंतर मागच्या ओळीतली एकजण उठली आणि बनाबाईशेजारी येऊन बसली. मग दुसरी. मग दहाही.

अधिकाऱ्यांनी कंत्राटाची फाईल मागवली. हातमोजे आणि बूट तुझ्या कंत्राटाच्या अटीतच आहेत की रे! ते तुला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. त्यांनी तिथंच पायरीवर बसून लिहिलं: अकरा नावं, सोमवारपासून, हातमोज्यांसह, नाहीतर लेखी खुलासा करावा. शिक्का आणायला शिपाई आत गेला, शाई वाळली होती, ती भिजवली, या सगळ्यात सूर्य बुडाला. शमशादभाभींनी खजूर तोंडात टाकला. सही त्यानंतर झाली. माझं एकभुक्त हुकलं ते हुकलंच. रस बंदोबस्ताच्या पोलिसांनी प्यायला.

मी तशीच उपाशी चालत घरी आले. भूकच नव्हती. चिमणाबाई माझ्या दारापर्यंत मोठमोठ्यानं गात आल्या, गल्लीतली माणसं गॅलरीत आली.

पण कागद अधिकाऱ्यांचा आहे. उद्या सकाळी हजेरीला उभं तुझ्या माणसांनी करायचं आहे. आम्ही सतरंजी अजून गुंडाळलेली नाही.

अक्का


सोमवार, २ मार्च

चि. बाहुबली,

सकाळी हजेरीच्या जागी मी मुद्दामच आले नव्हते. तुला वाटलं असतं, अक्का पहारा द्यायला आली. पण पेठेत काय लपतं? साडेसातला चिमणाबाई जिना चढून आल्या, धाप लागलेली. "अगं, पांढरी गाडी आलीया! आकाराम न्हाय, सोता आलाय!"

मग नऊला बनाबाई आली, झाडूसकट, पायात नवे बूट. ते तिला मोठे होतात, बदलून दे. तिनं सगळं सांगितलं. तू डिकी उघडलीस, खोकं काढलंस, एकेकीला हातमोजे दिलेस. तिला शेवटी. देण्याआधी म्हणालास, "दाव हात." तिनं तळहात पुढं केला. तू बराच वेळ बघितलास म्हणे. मग काहीतरी बोललास.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"ते आमचं हाय, अक्का."

मी तीनदा विचारलं. सांगत नाही. चिमणाबाईंनी दटावून विचारलं, तरी नाही. पण तुझा दुसरा निरोप तिनं चोख पोचवला. तुला पेपरात आणलं, अधिकाऱ्यांनी फाईल काढली, तुझी कंत्राटाची बसलेली घडी मोडली, म्हणून तू सांगितलंस, "अक्काला सांग, माझं तिच्याशी काही नाही."

बरं. माझं तुझ्याशी आहे.

उद्या पौर्णिमा, आपलं पर्व संपतं. बुधवारी माझ्याकडं पारणं आहे. त्या अकराजणी येणार आहेत, 'चपाती'तल्या सगळ्या येणार आहेत. पंगती दोन होणार. पहिली सूर्यास्ताआधी, आपल्यातल्या आणि ज्यांना चालतं त्यांची. दुसरी सूर्य बुडाल्यावर, शमशादभाभींची, आणि दिवसभर न खाणाऱ्या एस्तेरबाईंची. चिमणाबाई म्हणतात, त्या दोन्हीत बसणार. स्वयंपाक कांदा-लसणाशिवायचा, तो सगळ्यांनी कबूल केलाय, कुरकुर करत का होईना.

तू पहिल्या पंगतीला आलास तर माझ्या शेजारी बसशील. उशीर झाला, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, किंवा अडकली असं सांगायचं असलं, तर दुसरी आहे. दिवसाचं जेवण सोडून रात्री जेव असं मी तुला कसं सांगू? नुसता येऊन बस. बनाबाईसुद्धा दुसऱ्याच पंगतीला बसणार आहे, बुधवारी तिची दुपारची पाळी आहे. तुम्हा दोघांचं जे काही आहे ते बोला, मी ऐकायला येणार नाही.

दोन्ही वेळेला वाढायला मी आहे.

तुझी
त्रिशलाअक्का